बांबोळीच्या वाटेवरचे बाळ
नवजात अतिदक्षता, देखरेखीची नवी साधने आणि पेडणे-डिचोलीपासूनचे अंतर

नवजात अतिदक्षता विभागात रेडिएंट वॉर्मरखाली ठेवलेल्या बाळाच्या पावलाला एक मऊ पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्या आत तांबड्या प्रकाशाचा ठिपका तेवत असतो. छातीवर इलेक्ट्रोड आणि पोटावर तापमान टिपणारी एक लहान चकती असते. या तीन-चार तारांतून बाळाच्या हृदयाचे ठोके, श्वासाची गती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आणि शरीराची ऊब उशाकडच्या पडद्यावर सतत उमटत राहते. बाहेर बाकावर बसलेल्या आप्तांना या यंत्राची केवळ पिपाणी ऐकू येते आणि ती वाजली की त्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. आतील अनुभवी परिचारिका मात्र त्या आवाजांतील फरक ओळखते. कोणता आवाज तार निसटल्याचा आणि कोणता श्वास थांबल्याचा, हे तिला बहुधा पडद्याकडे पाहण्याआधीच कळते.

गोव्यासारख्या राज्यात या साधनांचा विचार वेगळ्या अंगाने करावा लागतो. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. गोव्यात हे प्रमाण ५ होते. लहान राज्यात नमुना लहान असल्याने हा आकडा वर्षागणिक वर-खाली होतो, म्हणून त्यावरून फार बारीक निष्कर्ष काढू नयेत. तरीही दिशा स्पष्ट आहे. घरातील प्रसूती गोव्यात जवळपास इतिहासजमा झाली आहे. प्रसूती इस्पितळात होणे, लसीकरण, स्वच्छ पाणी अशा उपायांनी जे मृत्यू टळण्यासारखे होते ते बहुतांशी टळले आहेत. उरलेले मृत्यू कठीण आहेत: फार आधी जन्मलेली बाळे, जन्मजात व्यंगे, जंतुसंसर्ग, जन्मावेळी गुदमरणे. देशाच्या त्याच आकडेवारीत २८ पैकी २० मृत्यू पहिल्या २८ दिवसांतील होते. म्हणजे लढाई पहिल्या काही दिवसांची, आणि त्यातही पहिल्या काही तासांची आहे.

आकड्यांत वाचलेले बाळ

नवजात बाळाची अवस्था मोजता येते, ही कल्पनाच तशी अलीकडची. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये एक साधे कोष्टक मांडले. वर्ण, हृदयाची गती, प्रतिक्षिप्त क्रिया, स्नायूंचा ताण आणि श्वास या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे आणि बेरीज करायची. आज तुयेपासून काणकोणपर्यंत प्रत्येक प्रसूतिगृहात जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला हा ‘अपगार स्कोअर’ लिहिला जातो. त्यासाठी घड्याळाखेरीज कोणतेही यंत्र लागत नाही.

यंत्रांची खरी गरज प्राणवायूने दाखवून दिली, आणि तीही मोठी किंमत घेऊन. १९४० च्या दशकात इन्क्युबेटरमध्ये अकाली जन्मलेल्या बाळांना मुक्तहस्ते प्राणवायू दिला जाऊ लागला. बाळे गुलाबी दिसत, जगत, आणि काही महिन्यांनी त्यांतील अनेकांना दिसत नसल्याचे ध्यानात येई. अतिरिक्त प्राणवायूमुळे डोळ्याच्या पडद्यातील कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडतात, हे १९५० च्या दशकाच्या मध्यात सिद्ध झाले. त्यानंतर प्राणवायू आखडता घेतला गेला, तेव्हा मृत्यू आणि मेंदूच्या इजा वाढल्या. प्राणवायू कमी पडला तर जीव धोक्यात येतो, अधिक झाला तर दृष्टी. आणि या दोहोंमधली वाट डोळ्यांनी दिसत नाही. बाळ निळे पडले हे जाणकाराला दिसते, परंतु रक्तात गरजेपेक्षा अधिक प्राणवायू आहे हे कोणालाही नुसते पाहून सांगता येत नाही.

ती वाट दाखवण्याचे श्रेय जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांना जाते. १९७४ मध्ये त्यांनी मांडलेल्या तत्त्वावर पल्स ऑक्सिमीटर उभा राहिला. प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू सोडलेले रक्त तांबडा व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. प्रत्येक ठोक्यासरशी त्यात होणारा बदल टिपला की सुई न टोचता प्रमाण कळते. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावलेले यंत्र ते हेच. नवजातासाठी त्याचे महत्त्व किती आहे, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीने दाखवले. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या एका गटात प्राणवायूचे प्रमाण ८५ ते ८९ टक्के आणि दुसऱ्यात ९१ ते ९५ टक्के राखले गेले. पहिल्या गटात डोळ्यांचा गंभीर विकार निम्म्याहून कमी झाला, पण मृत्यू अधिक झाले. मृत्यू पहिल्या गटात १९.९ टक्के, दुसऱ्यात १६.२ टक्के. काही टक्क्यांचा हा पट्टा राखणे हेच परिचारिकेचे रोजचे काम असते, आणि ते यंत्राविना अशक्य आहे.

यंत्रालाही मर्यादा आहेत. हातपाय थंड पडले, बाळ हलले, पट्टी सैल झाली की आकडा फसवा होतो. २०२० मध्ये अमेरिकेतील प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात असेही आढळले की गडद वर्णाच्या रुग्णांत प्राणवायू घटलेला असूनही ऑक्सिमीटर तो पुरेसा दाखवण्याची शक्यता गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट होती. आपल्याकडील इस्पितळांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

पस्तीस किलोमीटर

गोव्यात अतिगंभीर नवजातांसाठी शासकीय सेवेतील शेवटचे ठाणे म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, अर्थात गोमेकॉ. उत्तरेत म्हापशाला जिल्हा इस्पितळ, दक्षिणेत मडगावला. पेडणे तालुक्यासाठी तुये आणि कासारवर्णे, डिचोली तालुक्यासाठी डिचोली आणि साखळी येथील आरोग्य केंद्रे ही पहिली पायरी. सीमेपलीकडील सिंधुदुर्गातील, विशेषतः सावंतवाडी व दोडामार्ग भागातील कुटुंबेही संकटकाळी बांबोळीचाच रस्ता धरतात. तुयेचे इस्पितळ गोमेकॉशी जोडावे, ही पेडणेकरांची मागणी याच अनुभवातून आलेली आहे.

पेडणे शहरापासून बांबोळी सुमारे ३५ किलोमीटर. नकाशावर ते काहीच नाही. विदर्भातील किंवा मराठवाड्यातील एखाद्या कुटुंबाला तर हे अंतर हेवा करण्यासारखे वाटेल. पण धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, गिरी, पर्वरी, मांडवीवरील पूल आणि पणजी ओलांडून बांबोळीची चढण गाठेपर्यंत किती वेळ जाईल, हे दिवसाच्या कोणत्या घटकेला निघालो त्यावर ठरते. डिचोलीहून अंतर जवळपास तेवढेच. तेथून अस्नोडा-म्हापसा मार्गे किंवा आमोणे पुलावरून माशेल, बाणस्तारी, जुने गोवे करीत यावे लागते. पावसाळ्यात आणि पर्यटनाच्या मोसमात दोन्ही वाटांचा भरवसा कमी होतो. केरी-तेरेखोलच्या टोकापासून निघणाऱ्याला यात आणखी भर घालावी लागते.

या तासा-सव्वा तासात बाळाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. किलो-सव्वा किलोच्या बाळाच्या त्वचेखाली चरबीचा थर जवळपास नसतो. ओल्या अंगाने ते उघड्यावर राहिले तर काही मिनिटांतच त्याचे तापमान उतरू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ३६.५ अंश सेल्सियसखाली गेलेले बाळ थंड पडलेले मानले जाते. ३६ अंशांखाली मध्यम आणि ३२ अंशांखाली तीव्र अवस्था. थंडावलेले बाळ ऊब निर्माण करण्यासाठी साखर आणि प्राणवायू दोन्ही जाळते. साखर उतरते, श्वास थकतो, फुप्फुसे अधिक आखडतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, अत्यंत कमी वजनाच्या बाळांमध्ये दाखल होतानाचे तापमान एकेका अंशाने उतरलेले असेल तसतशी मृत्यूची शक्यता २८ टक्क्यांनी वाढत गेलेली आढळली. एखाद्या आरोग्य केंद्रातून निघताना धडधाकट भासणारे बाळ बांबोळीला थंडगार, साखर उतरलेले आणि दमलेले पोहोचले, तर तेथील सर्वांत अद्ययावत मॉनिटर त्याला मागे पडलेल्या जागेवरूनच मोजू लागतो.

म्हणूनच देखरेखीच्या नव्या साधनांचा सर्वाधिक लाभ बांबोळीच्या विभागात आणखी एक पडदा वाढवून होईल, असे नाही. तो लाभ तुये आणि डिचोलीच्या प्रसूतिगृहात, आणि तेथून निघालेल्या रुग्णवाहिकेत आहे. तेथे लागणारी साधने फार महागही नाहीत: नवजातासाठीचा लहान पट्टीचा ऑक्सिमीटर, तापमानाची अखंड नोंद, टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजण्याची सोय, आणि श्वासाला आधार देणारे सीपॅप यंत्र. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला न पुसता तसेच स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत मानेपर्यंत गुंडाळून वॉर्मरखाली ठेवणे, हा उपाय तर काही रुपयांचा आहे. धावत्या गाडीच्या हादऱ्यांत ऑक्सिमीटरचे आकडे भरकटतात, म्हणून वाहनातील यंत्र हालचालीतही नाडी पकडणारे असावे लागते आणि त्याची बॅटरी भरलेली आहे ना, हे रोज कोणीतरी पाहावे लागते. ही नोंद ठेवणारी वही बहुधा यंत्राहूनही आधी हरवते.

या सगळ्याच्याही आधी एक पायरी आहे. अकाली प्रसूतीची चाहूल लागली तर बाळाला हलवण्यापेक्षा आईला हलवावे. आईचे गर्भाशय हे सर्वांत सुरक्षित इन्क्युबेटर आहे, हे नवजात तज्ज्ञांचे आवडते वाक्य अक्षरशः खरे आहे. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात; ६ मिलिग्रॅमच्या चार मात्रा, बारा-बारा तासांच्या अंतराने. त्याने बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. पहिली मात्रा पेडणे-डिचोलीतच देऊन मग आईला पुढे पाठवले, तर वाटेतला वेळही औषधाच्या कामी येतो. गर्भाच्या ठोक्यांचा आलेख काढणारे कार्डिओटोकोग्राफ यंत्र तालुक्यात असेल आणि तो आलेख बांबोळीतील तज्ज्ञाला लगेच पाहता येत असेल, तर हा निर्णय काही तास आधी होऊ शकतो.

एक वाट आधीच आखलेली

अशी साखळी गोव्यात नवखी नाही. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यासाठी राज्याने ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प उभारला. दूरच्या आरोग्य केंद्रात रुग्णाचा हृदयालेख काढायचा, तो तत्काळ तज्ज्ञापर्यंत पोहोचवायचा, निदान होताच गुठळी विरघळवणारे औषध तेथेच द्यायचे आणि मग रुग्णाला गोमेकॉत आणायचे, अशी त्याची रचना आहे. रुग्ण पोहोचण्याआधी त्याची माहिती पोहोचते. नवजातासाठी हेच करता येईल. तापमान, प्राणवायू, ठोके आणि साखर हे चार आकडे बाळ निघण्यापूर्वी बांबोळीच्या पडद्यावर दिसू लागले, तर तेथील तज्ज्ञ तालुक्यातील डॉक्टरला ‘आत्ता निघू नका, आधी ऊब द्या’ असे सांगू शकतो. पाठवण्यातली घाई हीदेखील एक चूक असते, आणि ती दुरून आकडे पाहणाऱ्यालाच सहसा दिसते.

मोठ्या केंद्रांत देखरेखीचे तंत्र त्याही पुढे गेले आहे. जंतुसंसर्ग बाहेरून दिसण्यापूर्वी बाळाच्या हृदयगतीतील नैसर्गिक चढउतार मंदावतात. हा बदल संगणकाने ओळखून धोक्याचा अंक दाखवणाऱ्या मॉनिटरची चाचणी अमेरिकेत सुमारे ३,००० अत्यंत कमी वजनाच्या बाळांवर झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हा अंक डॉक्टरांना दिसत होता त्या गटात मृत्यू ८.१ टक्के, दिसत नव्हता त्या गटात १०.२ टक्के. या यंत्राने कोणतेही औषध दिले नव्हते. बाळाकडे थोडे आधी पाहायला लावले, इतकेच. २०१९ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी त्वचेवर अलगद बसणाऱ्या, तारांविना चालणाऱ्या पातळ पट्ट्या नवजातांवर वापरून दाखवल्या. २५-२६ आठवड्यांच्या बाळाची त्वचा इतकी नाजूक असते की इलेक्ट्रोडचा चिकटा काढताना तिचा थर सोबत निघून येतो, आणि तारांच्या जंजाळामुळे आईला बाळ छातीशी घेणे अवघड होते. या दोन्ही अडचणी त्याने कमी होतात.

आईने बाळ छातीशी घेणे ही भावनेपुरती बाब नाही. कांगारू पद्धतीने, म्हणजे त्वचेला त्वचा लावून, बाळ अस्थिर असतानाच धरण्यास सुरुवात केली तर काय होते, याची चाचणी भारतासह पाच देशांत झाली. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले होते. अशा बाळाला आईच्या छातीवर निर्धास्तपणे ठेवता येते ते त्याच्या पावलाला ऑक्सिमीटर लावलेला असतो म्हणून. येथे यंत्र आणि माय एकमेकींच्या आड येत नाहीत.

पिपाणी आणि परिचारिका

धोक्याची सूचना जितकी सोपी, तितकी ती वारंवार वाजते. अतिदक्षता विभागांतील बहुसंख्य इशारे खोटे किंवा कृती न मागणारे असतात, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. दिवसभर ते ऐकणारा कान हळूहळू बधिर होतो; कोणी तरी आवाज कमी करून ठेवते, कोणी मर्यादा सैल करते. एका परिचारिकेकडे व्हेंटिलेटरवरील एक, फार तर दोन बाळे असावीत, हा नियम म्हणूनच आहे. यंत्रे विकत घेण्याचा ठराव एका बैठकीत होतो. परिचारिकेची पदे भरण्यास मात्र वर्षे लागतात. नव्या यंत्राच्या उद्घाटनाचे छायाचित्र छापून येते, पण त्याच्या वार्षिक देखभालीच्या कराराचे येत नाही.

यंत्रांवर विसंबण्याचा दुसरा धोका ९ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्राने पाहिला. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला पहाटे आग लागून १० बाळांचा अंत झाला. सात वाचवता आली. प्राणवायू, उष्णता आणि अखंड चालणारी विद्युत उपकरणे एका बंद खोलीत एकत्र येतात, तेव्हा वायरिंग, अग्निशमन आणि रात्रपाळीतील माणूस हाही देखरेखीचाच भाग ठरतो.

आणि यंत्र महागच असावे लागते असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास म्हणजे तान्ह्या बाळाला धोका, हे त्यांना शिकवता आले. पण साठपर्यंत अचूक मोजणे अनेकींना जमत नव्हते. त्यासाठी संस्थेने मणी सरकवून श्वास मोजण्याचे पाटीसारखे साधन बनवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ३९ गावांत घरपोच नवजात सेवेने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. मण्यांची ती पाटी आणि शिकागोची बिनतारी पट्टी करतात एकच काम. फरक इतकाच की मण्यांची पाटी वापरणारी बाई बाळाच्या घरीच जाऊन पोहोचलेली होती.

गोव्यात अन्य राज्यांसारखी आशा सेविकांची फळी उभी राहिलेली नाही. त्यामुळे बांबोळीहून घरी परतलेल्या बाळाचा पाठपुरावा आरोग्य केंद्रातील परिचारिकांवर आणि बव्हंशी आईवरच पडतो. बाळ दूध ओढत नाही, अंग थंड किंवा तापलेले आहे, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, ते कण्हते, झटके येतात, तळपाय पिवळे दिसतात किंवा ते नेहमीपेक्षा सुस्त पडून राहते, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. आजारी अर्भकाची शासकीय इस्पितळापर्यंतची ने-आण जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहे.

घरी पाठवलेल्या बाळाच्या बाबतीत एक तपासणी हमखास निसटते, ती डोळ्यांची. ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २,००० ग्रॅमहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाने तपासावा, असे भारतीय मार्गदर्शन आहे; २८ आठवड्यांपूर्वीच्या किंवा १,२०० ग्रॅमहून लहान बाळांसाठी ही मुदत त्याहून लवकरची. लेझरने हा विकार थांबवता येतो, पण त्याचा अवधी काही आठवड्यांचाच असतो. तमिळनाडूतील एका शासकीय इस्पितळातून अशी तपासणी न सुचवताच घरी पाठवलेल्या मुलीची दृष्टी गेली. तिच्या कुटुंबाला सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. तोवर त्या मुलीचे वय अठराच्या पुढे गेले होते. पेडणे किंवा डिचोलीला परतणाऱ्या अशा बाळाच्या सुटीच्या कागदावर पुढील नेत्रतपासणीची तारीख, वार आणि जागा लिहिलेली आहे ना, हे आई-वडिलांनी विभागातून बाहेर पडण्यापूर्वी पाहून घ्यावे, आणि नसेल तर ती तेथेच लिहून मागावी.